आतून सगळं दिसणारी काच

थांबा, आधी चहा संपवू द्या. हा किस्सा सांगायला घेतला की चहा हातातच गार होतो.

तसा मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला. डी.एड.च्या परीक्षेला भलत्याच कॉलेजात जाऊन बसलो. स्वतःच्या लग्नात दुसऱ्याच नवरदेवाच्या जीपमध्ये चढलो. पण हे सगळं किरकोळ. खरा मूर्खपणा मी केला खिडकी बदलताना. हसता काय? आमच्या घराला रस्त्याकडून ते जुने लोखंडी गज दिसतात ना, तीच ती खिडकी.

गोष्ट दोन हजार चार-पाचची. आमचं घर जवळा बाजारला, बाजाराच्या रस्त्याला अगदी चिकटून. मी शेजारच्या गावात शाळेवर मास्तर. घरात मी, बायको शोभा आणि वडील. वडिलांचं नाव सखाराम, पण मीच काय, अख्खा गाव त्यांना अण्णा म्हणायचा. जन्म गेला शेळ्या-मेंढ्यांमागं. मग एकदा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि अण्णा बाजेवर आले ते कायमचे. बाज लावली खिडकीला. उठून बसायचं तरी कुणीतरी आधार द्यावा लागायचा.

आता ही खिडकी कशी? लाकडी चौकट, उभे गज. रस्त्यावर दरवर्षी मुरूम टाकून टाकून रस्ता इतका वर आला होता, की बाहेर उभ्या माणसाच्या कमरेला आमची खिडकी लागायची. आणि बाजेवरच्या अण्णांना बाहेरचं सगळं जग समोर!

बाजाराच्या दिवशी तर विचारू नका. शेळी, बोकड घेऊन निघालेला प्रत्येक जण खिडकीशी थांबायचा. "अण्णा, दात पाहा बरं जरा." अण्णा गजांतून हात बाहेर काढायचे, जनावराचा जबडा धरायचे, खालचा ओठ अंगठ्यानं दाबायचे. "दोन दाती हाय. घे बिनधास्त." नाहीतर, "सहा दाती हाय लेका, फसून राहिला तू." विषय संपला. बाजारात मग जनावराच्या वयावर कुणी वाद घालायचा नाही. अण्णांची कंबर गेली होती, पाय गेले होते, पण तो एक हात अजून बाजार करत होता.

आणि लिंबाजीकाका! अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त, दोघांनी एका माळावर शेळ्या वळलेल्या. ते बाहेर दगडावर बसायचे, गजांतून तंबाखू आत द्यायचे, आणि मग दोघं वीस वर्षांपूर्वी विकलेल्या कुठल्यातरी शेळीवरून भांडत बसायचे. आमचं दार मागच्या गल्लीला. काका कधी तिकडून आले नाहीत. सगळी दोस्ती खिडकीतून.

मला मात्र या सगळ्याची तकलीफ व्हायची. खिडकीखाली लेंड्यांचा सडा. घरभर वास. एकदा तर एका शेळीनं गजांतून तोंड घालून सहावीचे इतिहासाचे पेपर खाल्ले. अख्खा वर्ग मला पास करावा लागला!

त्यात घराची दुरुस्ती काढलेली, आणि नांदेडला मेव्हण्याच्या घरी मी सरकत्या काचेच्या खिडक्या पाहून आलेलो. झालं! गेलो हिंगोलीला. दुकानदारानं एक काळी चकचकीत काच समोर उभी केली.

"मास्टरजी, ये देखो. अंदर से सब दिखेगा, बाहर से कुछ नहीं. बाहरवाले को सिर्फ अपना मुँह दिखेगा."

मी काचेत पाहिलं. चेहरा इतका बरा आयुष्यात पहिल्यांदाच दिसला होता. तिथंच घात झाला.

तरी मी अण्णांना विचारलं हो! न विचारता केलं असं कुणी म्हणू नये.

"अण्णा, नवी खिडकी बसवतो. काचेची. सरकती."

"काहून? हिला काय झालं?"

"चौकटीला उधई लागलीय, लाकूड पोखरलंय."

"भाईरचं दिसंल का?"

"आत्तापेक्षा जास्त दिसेल!"

अण्णा म्हणाले, "अन् हात जाईल का त्याच्यातून?"

"हात? अहो अण्णा, हातच काय, माशीसुद्धा जाणार नाही!"

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. "बराबर हाय," एवढंच म्हणाले.

मी दुकानदाराला फोन करून कळवलं, की वडिलांनाही पसंत आहे.

कारागीर आले, गज काढले, काच बसवली. अण्णा म्हणाले, "ते गज माह्या बाजीखाली ठेवा." मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची हौस. ठेवले. कारागिरानं बजावलं, पट्टीत धूळ गेली तर काच जाम होईल, बंदच ठेवा. आमच्या रस्त्याची धूळ तुम्हाला माहीत आहे. मी शोभाला सक्त ताकीद दिली. आणि कडी इतकी वर आणि इतकी घट्ट, की अण्णांचा हात तिथं पोचायचा प्रश्नच नव्हता.

घर काय शांत झालं म्हणता! वास नाही, लेंड्या नाहीत, "अण्णा, दात पाहा" नाही. वर गावाला फुकटचा आरसा मिळाला. बाया थांबून पदर नीट करायच्या. पोरं भांग पाडायची. एका नवरदेवाची तर वरातच आमच्या खिडकीशी दहा मिनिटं थांबली, फेटा बसेना म्हणून! मी छाती फुगवून बघायचो.

मीही सोडत नव्हतो बरं का. रोज सकाळी शाळेला निघताना स्कूटर काचेसमोर लावायची, भांग पाडायचा, आणि वाकून दोन्ही ओठ मागं ओढून दात तपासायचे. शोभा डब्याआधी मेथीची भाजी चाखायला लावायची. आणि मास्तरच्या दातात मेथी दिसली, की वर्ग दिवसभर दुसरं काही शिकत नाही.

इकडं अण्णा मात्र उतरायला लागले. अख्खी भाकरी खाणारा माणूस चतकोरावर आला. बोलणं तर जवळजवळ बंदच. मला वाटलं, खोलीत अंधार झालाय. ट्यूब लावली. वाटलं, हवा कोंडतेय. पंखा लावला. शेवटी टीव्ही आणून समोर ठेवला.

एक दिवस अण्णा म्हणाले, "समद्यायची तोंडं हालतेत. कोणाचंच ऐकाया येत न्हाई."

मी लगेच टीव्हीचा आवाज वाढवला.

अण्णा अजून काहीतरी म्हणाले. पण टीव्हीच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही.

पुढं ऐका. कटिंगला गेलो, तर न्हावी विचारतो, "मास्तर, अण्णाला करमते का तिकडं?"

मला वाटलं, तिकडं म्हणजे बंद खिडकीच्या खोलीत. मी म्हणालो, "करमेल हळूहळू. सगळी सोय केलीय. टीव्ही घेऊन दिलाय."

"लई दूर पडते न्हाई?"

"दूर कसलं? रोज दोन वेळा डोकावतो मी!"

न्हाव्यानं आरशातून माझ्याकडं असं पाहिलं, की वस्तरा मानेवर असल्याचं मला एकदम आठवलं. गावात बोललं जात होतं, की मास्तरनं बापाला पुण्याला आपल्या बहिणीकडं नेऊन टाकलं. आणि मी त्यावर शिक्का मारून आलो!

नंतर लिंबाजीकाका भेटले, ते तोंड फिरवून चाललेले.

"काका, घराकडं फिरकत नाही हल्ली?"

"येऊन काय करू? दोन बाजार हाका मारल्या. पुण्याला गेला म्हणतेत लोक, पर तो जाणारा न्हाई, मला ठाव हाय. हितंच हाय तो. मागच्या खेपेला त्या काळ्या बोकडावरून म्या दोन शब्द जास्त बोललो, तेच धरलं त्यानं मनात. व्हय म्हणला न्हाई, न्हाई म्हणला न्हाई. धरू दे."

मी घरी येऊन अण्णांना म्हणालो, "लिंबाजीकाका तुमच्यावर रुसलेत."

अण्णा म्हणाले, "म्या आवाज दिला त्याला. काचेवर बोटं बी वाजवली. त्यानं मुंडासं नीट केलं अन् निघून गेला. माह्याकडं पाहून निघून गेला."

आता इथं कुठल्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडला असता की नाही? तुम्ही मान हलवताय, म्हणजे तुमच्या पडला. माझ्या नाही पडला! मी म्हणालो, "जाऊ द्या अण्णा, असतात काही माणसं अशी." आणि पांघरूण नीट करून बाहेर आलो. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

मग आला तो बाजाराचा दिवस. सकाळची वेळ. मी काचेसमोर वाकून, ओठ मागं ओढून उभा. हातात कंगवा. रस्त्यानं लिंबाजीकाका चाललेले, मुद्दाम पलीकडच्या कडेनं. कासऱ्याला एक दांडगा बोकड.

बोकडानं काचेकडं पाहिलं. काचेतून दुसरा तितकाच दांडगा बोकड त्याच्याकडं बघतोय! यानं मान खाली घातली. त्यानंही घातली. यानं पाय आपटला. त्यानंही आपटला. मला काचेत माझ्या खांद्यामागं शिंगं वर होताना दिसली. मी बाजूला उडी मारली, स्कूटरवर पडलो, स्कूटर माझ्यावर पडली, आणि खळ्ळकन् अख्खी काच आत!

नशीब, अण्णांच्या अंगावर जाड गोधडी होती. सगळा चुरा गोधडीवर. मी "अण्णा! अण्णा!" करत उठतोय, तोवर त्या मोकळ्या चौकटीतून एक हात बाहेर आला. वाळलेला. त्यानं भांबावलेल्या बोकडाचा जबडा धरला आणि खालचा ओठ अंगठ्यानं दाबला.

"सहा दाती हाय. लिंब्या, चार दाती म्हणून इकाया चालला व्हय?"

काकांच्या हातून कासरा सुटला.

"बोलतो व्हय रे सखाराम माह्याशी?"

"म्या कव्हा न्हवतो बोलत? हाका मारून मारून माहा गळा सुकला. तूच मुंडासं बांधून जात व्हता."

"आरं, मला तू कुठं दिसत व्हता? मला माहंच थोबाड दिसत व्हतं!"

काका चौकटीशी आले, आणि तंबाखूची पिशवी आत धरली. अण्णांना ती सोडवेना, काकांनाही सोडवेना. दोन म्हातारी माणसं एका पिशवीला धरून रडत होती. स्कूटरशेजारी उभं राहून मलाही रडू फुटलं.

मी कसाबसा म्हणालो, "अण्णा, मला खरंच माहीत नव्हतं हो. बाहेरून तुम्ही कुणाला दिसतच नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही."

अण्णा माझ्याकडं वळले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तू तर रोज यायचा रे हितं," ते म्हणाले. "रोज सकाळी वाकून दात दाखवायचा. पयले चार दिस मला वाटलं, पोरगं शाळेला जाताना माह्याकडं पाहून हासून राहिलं. म्या बी हासायचो. हात करायचो. मंग एक दिस तू नखानं मेथी काढली, तव्हा कळलं."

माझ्या हातात अजून तो कंगवा होता. कुठं ठेवू कळेना.

शेवटी काकांनीच डोळे पुसले, माझ्याकडं खालून वरपर्यंत पाहिलं आणि अण्णांना विचारलं, "मंग सखाराम, महिनाभर रोज पाहिले ना दात? मास्तर किती दाती निघाला?"

अण्णांनी कधी जनावराच्या वयात चूक केली नव्हती. ते म्हणाले, "अठ्ठावीस हायेत बराबर. अक्कलदाढा तेवढ्या अजून यायच्या हायेत."