तिची पाळी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही — सुनंदाजवळ तर नाहीच. सुनंदा म्हणजे माझी बायको. गोष्ट आमच्या लग्नाआधीची आहे.

आम्ही दोघं एका सूतगिरणीच्या कचेरीत लागलो होतो. थंड खोलीत कपाटाएवढा एकच संगणक. बाहेर टेबलांवर नुसते पडदे आणि कळफलक, वायरींनी त्याला जोडलेले. तो एकटा सगळ्यांचं काम पाळीपाळीनं करायचा, पण इतक्या झपाट्यानं, की प्रत्येकाला वाटावं — हा माझाच. चपला काढून आम्ही त्या खोलीत जायचो. जीव होता आमचा त्याच्यावर.

सुनंदा वडनेर भोलजीहून एसटीनं यायची. तिचा हात — काय सांगू? माझं एक बिल होईस्तोवर तिची दोन व्हायची. मी हिशेबी माणूस. दुपटीचा अर्थ मला कळत होता. नागपूरला प्रशिक्षणाला एकच जण जाणार होता, आणि तोच कायम होणार होता.

यंत्राची देखरेख माझ्याकडे होती. पगारपत्रकासारख्या अवजड कामानं बाकीच्यांना अडवू नये, म्हणून त्याची पाळी उशिरा कशी लावायची, हे मला शिकवलेलं होतं. मी सुनंदाची पाळी मागे टाकली.

एक आज्ञा — बस. कुणाला दिसलं नाही. तिनं कळ दाबली की अक्षर उमटायचंच नाही. ती पुन्हा दाबायची, मग दोन उमटायची. साहेब म्हणाले, "पोरी, तुह्यानं नाही होत हे."

"मशीनले मीच पसंत नाही, साहेब," ती हसून म्हणाली. मीही हसलो.

मी नागपूरला गेलो. तिला गोदामावर आवक लिहायला बसवलं. वर्षभरात तिनं नोकरी सोडली. मग मी तिला मागणी घातली. प्रेम खरं होतं. ते आधीही होतं — मग हे केलं कसं?

आता आमची पोरगी तिला म्हणते, "आई, मोबाइल शिक ना वं."

"यायले सांग. यायच्या हाताले गुण हाये." माझ्याकडे बघून कौतुकानं म्हणते.

परवा शेगाव स्टेशनवर तिकिटाच्या यंत्रापुढे मी मुद्दाम तिलाच उभं केलं. तिनं एक कळ दाबली, बोट उचललं आणि थांबली. पडदा केव्हाच बदलला होता.

मागचा माणूस करवादला, "मावशी, दाबा ना! काऊन थांबल्या?"

"थांबा जी," ती म्हणाली, "त्याले टाइम लागते."

मी शेजारीच उभा होतो.