भोंग्यातली गिटार

११ मे १९६६. कुरडयांचा चीक चुलीवर होता. तीन दिवस भिजवलेला गहू चौथ्या दिवशी थांबत नाही, त्याला त्याच सकाळी शिजवावा लागतो. एरवी पातेलं धरायला सून असे. महिन्याभरापूर्वी ती सायकलवरून पडली आणि तिचा डावा हात प्लास्टरमध्ये गेला. म्हणून मी एका हातात सांडशी आणि एका हातात लाटणं घेऊन एकटीच घोटत होते, तेवढ्यात माझे चुलत दीर दारात सायकल टेकवून आत आले. अकोल्यात त्यांचं लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान होतं. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली टेपची चकती.

"घ्या वयनी. असा आवाज काढून देल्ला का बाळापूरले बसल्याजागी ऐकू जाईन."

चहाही न घेता गेले. संध्याकाळी त्यांना खरंच बाळापूरला एका लग्नात भोंगे लावायचे होते.

टेप कशाची ते सांगते. माझी सून हवाईयन गिटार वाजवते. मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातली पोलादी कांब तारांवरून सरकवत वाजवायची विजेची गिटार. अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत वाद्य शिकवणारी बाई हवी होती आणि दुसऱ्या दिवशी, बारा तारखेला, मुलाखत होती. वाजवून दाखवायची अट होती. हात मोडल्याचं तिनं कळवलं, तेव्हा मुख्याध्यापिकेनं लिहिलं, ध्वनिमुद्रण असेल तर तेच ऐकू. तारीख मात्र बदलणार नाही. माझा मुलगा जंगल खात्यात, सेमाडोहला. सून अमरावतीला राहिली तर तो आठवड्याला घरी येऊ शकला असता; अकोल्यापर्यंत महिना महिना पोचत नव्हता. तेव्हा नोकरी हवीच होती.

ध्वनिमुद्रण घरात होतं. दिवाळीत मुलानं बदली झालेल्या एका साहेबाकडून जुना टेपरेकॉर्डर घेतला आणि हौसेनं तिचे चार तुकडे उतरवून घेतले. पण आमच्याकडे ॲम्प्लिफायर नव्हता, म्हणून त्यानं गिटारची वायर थेट यंत्रात खोचली होती. वाजवणं चोख, आवाज मात्र कोरडा, भाजलेल्या फुटाण्यासारखा. सून म्हणाली, हाच आवाज ॲम्प्लिफायरमधून स्पीकरवर वाजवला, समोर माईक ठेवला आणि दुसऱ्या यंत्रावर पुन्हा उतरवला, तर गिटार गिटारीसारखी वाजेल. दुसरं यंत्र, माईक, ॲम्प्लिफायर हे सगळं दिरांकडे. टेप त्यांना दिली ती अशी.

चीक उतरवला आणि आम्ही टेप लावली. छपन्न साली धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या देवघराचा कोनाडा रिकामा होता, टेपरेकॉर्डर तिथेच असे. आधी फूं फूं असं फुंकणं. मग दिरांचा आवाज: "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री." मग दुकानाचं नाव, पत्ता, "लग्न, सभा, नामकरणासाठी भेटा." आणि मग जे सुरू झालं ते ऐकून सून खालीच बसली. त्यांनी तिची गिटार भोंग्यातून वाजवली होती. खर्जाचा मागमूस नाही, वरचे सूर पत्र्यावर खिळा ओढावा तसे. दर तुकड्यानंतर पुन्हा दुकानाचं नाव.

त्यांच्या हिशेबी यात काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे लाऊडस्पीकर चांगला की वाईट हे शेजारच्या गावाला ऐकू गेला की नाही यावर ठरतं. पण मला तेव्हा हा समजूतदारपणा सुचला नाही. मी पदर खोचला आणि चीक शेजारणीच्या हवाली करून भर उन्हात दुकान गाठलं.

दुकानापुढे एसटी स्टँडवर सामान न्यायची हातगाडी लादून तयार. मी विचारलं, "भाऊजी, बाळापूरवाले नोकरी देऊन राहिले का तिले?"

"काऊन? का झालं?"

"पैली टेप कुठं हाय?"

त्यांनी सहज हातगाडीकडे बोट केलं. "आजच्या लग्नात मंगलगाणे उतरवून पाह्यजे म्हन्ते पोरीचा बाप. कोरी टेप नव्हती, मंग तेच घेतली. आता तिचं का काम? तिचं तं सोनं करून देल्लं ना!"

म्हणजे आणखी चार तासांनी तिच्या वाजवण्यावर कोणाच्या तरी लग्नातल्या बायका गाणार होत्या, आणि मोडक्या हातानं ते पुन्हा वाजवणं शक्य नव्हतं. मी हातगाडीवरची पिशवी उपसली, चकती काढली आणि पदरात बांधली.

"भोंगा नाही, पेटीतला स्पीकर पाह्यजे," मी म्हटलं. "सभागृहात लावता तो. अन् ॲम्प्लिफायर, माईक, तुमचं यंत्र."

"वयनी, तुमाले यातलं का समजते? तीस वर्षं झाले मले आवाजाच्या धंद्यात."

"मले नाही समजत. तिले समजते."

इथपर्यंत ते हसतच होते. मग त्यांनी आवाज खाली आणला. "एक सांगू? हात मोडला ते एका परीनं बरंच झालं. घरातली सून अमरावतीले एकटी राह्यते, लोक का म्हनतीन?"

सतरा वर्षांपूर्वी मी शाळेत शिकवायला लागले तेव्हा हेच लोक हेच म्हणाले होते. त्यातल्या निम्म्यांची पोरं पुढे माझ्याच वर्गात बसली. मी ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर जाऊन बसले. पानठेल्यावरची माणसं बघायला लागली.

"उठा वयनी, लोक पाहून राहिले!"

"पाहू द्या. लोक का म्हन्तात ते आज तुमीच ऐका."

पाच मिनिटांत ते वरमले. "चार वाजेलोक. चारला माही गाडी निघते."

सामान घरी आणल्यावर आम्हाला अडीच तास मिळाले. पेटीचा स्पीकर जमिनीवर ठेवला तर फरशी घुमायची, म्हणून गाद्यांसाठी पिंजून आणलेल्या कापसाच्या पोत्यावर ठेवला. कोरी टेप नव्हतीच, म्हणून भोंग्याच्या टेपवरच नवं उतरवायचं ठरलं. दारंखिडक्या लावल्या. पंख्याची घरघर माईकमध्ये यायची, पंखा बंद केला. अकोल्यातला मे महिना, दुपारचा दीड. पहिल्या खेपेला सुनेनं हात वर केला.

"आई, पत्रे बोलून राहिले."

वरच्या सुराला छताचे पत्रे खरंच झणझणत होते. घरातल्या होत्या तेवढ्या गोधड्या मी दोरीवर आडव्या टाकल्या. दुसऱ्या खेपेला कुल्फीवाल्याची घंटा आली. मी बाहेर जाऊन त्याला गल्लीच्या टोकाला पिटाळलं. तिसऱ्या खेपेला तिनं माईक स्पीकरच्या मधोमध न ठेवता वीतभर बाजूला सरकवायला सांगितला. का ते मला आजही सांगता येणार नाही, पण सुराला जाडी आली. सरकत्या कांबेची ओढ ऐकू यायला लागली. चारही तुकडे उतरले तेव्हा आम्ही दोघी विहिरीतून काढल्यासारख्या भिजलो होतो.

चारला दीर आले. आपल्याच यंत्रावर त्यांनी एक तुकडा पूर्ण ऐकला. "आवाज दूर जात नाही," म्हणाले.

"खोलीत बसून ऐकाचा हाय तो," सून म्हणाली. सासऱ्यांच्या नात्यातल्या माणसाला ती पहिल्यांदाच उलटून बोलली. मी तिला आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या एसटीत टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन मी तिच्याबरोबर बसले. कंडक्टर टपावर टाका म्हणत होता. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. नव्या टेपबरोबर जुनीही माझ्या पिशवीत होती. शाळेत मुख्याध्यापिका आणि दोन गृहस्थ बसले होते. सुनेचं प्लास्टर पाहून त्यातला एक म्हणाला, "आता हातच मोडलाय म्हटल्यावर, बाई..." मी प्लग कुठे आहे ते विचारलं, वायर खोचली, आवाज निम्म्यावर ठेवला.

"आधी ऐका," मी म्हटलं, "बोलणं मग." आणि बटण दाबलं.