बुटक्या घोडीचा साज

"दोन बोटं जातात का बघ," असं म्हणत काका समोरच्याच्या पट्ट्याखाली बोटं सारायचे. पट्टा कशाचाही असो. माझ्या घड्याळाचा, शेजारच्या मुलाच्या दप्तराचा, गाडीतल्या सीटबेल्टचा. बोटं आरामात गेली की मान डोलवायची, नाही गेली तर आपणच पट्टा सैल करून द्यायचा. पहिल्यांदा त्यांनी माझ्या घड्याळाशी हा उद्योग केला तेव्हा मी हात मागे घेतला होता. म्हटलं, हे काय भलतंच!

मग कळलं की काका जनावरांचे डॉक्टर, पट्टा काचत नाही ना हे बघायची ही त्यांची सवय. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला राहायचो. आज तिथे कॉम्प्युटरची गोदामं आहेत, तेव्हा गाई होत्या. काका-काकू आमच्या शेजारी. काका मुंबईला शिकून इथे आले, इथल्या लायसन्सच्या परीक्षेत दोनदा आपटले, तोवर घर झालं, मुलं झाली आणि ते सरकारी इन्स्पेक्टर म्हणून एका मीट प्लँटवर लागले. रोज तासभर ड्राइव्ह करून जायचं आणि टांगलेल्या जनावरांची काळजं-फुप्फुसं तपासून शिक्के मारायचे. आणि घरी काकू अशा, की स्वयंपाकघरात अंडं आणायची सोय नाही.

"काका काय करतात?" असं कुणी विचारलं, की काकांनी तोंड उघडायच्या आत काकू म्हणायच्या, "गव्हर्नमेंटमध्ये आहेत." आणि लगेच, "भात घ्या ना थोडा." काका मुकाट्याने भात घ्यायचे. मला काकूंचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? तरी ब्लाउज शिवायला त्यांच्याकडेच जायचे. तसा हात आसपास दुसऱ्या कुणाचा नव्हता.

एका वर्षी काकांनी चक्क घोडी घेतली. घोडी म्हणजे मिनिएचर, माझ्या कमरेएवढी, बदामी रंगाची, कपाळावर केसांचं छप्पर. ओळखीच्या एका म्हाताऱ्याने फार्म विकायला काढलं होतं, तो हिला लिलावात पाठवणार होता. "लिलावातून ती कुठल्या ट्रकमध्ये चढली असती ते मला पाठ आहे," काका एवढंच म्हणाले. घरामागच्या शेतकऱ्याच्या गोठ्यातला एक कोपरा त्यांनी भाड्याने घेतला आणि घोडीचं नाव ठेवलं बाई. तिच्याशी अहो-जाहोत बोलायचे. "चला बाई. पाय द्या बाई."

काकू कडाडल्या. "दिवसभर जनावरं, आता घरी आल्यावरही जनावरंच? मी नाही हं बघायला येणार. आणि घोडीला अहो बाई, मला मात्र नुसतं अगं!" दोनशे पावलांवर गोठा, पण सहा महिन्यांत एकदा फिरकल्या नाहीत.

काकांच्या डोक्यात मात्र वेगळंच होतं. आमच्याकडे जुनी स्टेशन वॅगन होती, म्हणून गाडी बघायला ते मला बरोबर घेऊन गेले. गाडी म्हणजे घोडीला जुंपायची, दोन चाकांची. काउंटी फेअरमध्ये, म्हणजे तिथल्या जत्रेत, घोडागाड्यांची स्पर्धा असायची; बाईंना घेऊन त्या रिंगणात उतरायचं होतं त्यांना.

"बक्षिसासाठी का, काका?"

"छे गं. तुझ्या काकूने एकदा मला जिवंत जनावरापाशी बघावं. लग्न झालं आणि वर्षभरात इकडे आलो. माझा हात कसा चालतो, हिने पाहिलंच नाही कधी. हिला फक्त वास माहीत आहे."

मी हीटर वाढवला.

पहिली गाडी पाहताच मी पाघळले. लाल व्हार्निश, बारीक तारांची चाकं, मखमली गादी. किंमत ऐकून गार पडले. काका किमतीपर्यंत पोचलेच नव्हते. मला सीटवर बसवून त्यांनी पुढच्या दोन्ही दांड्या हातात तोलल्या आणि म्हणाले, "हा सगळा भार हिच्या पाठीवर येणार. गाडी घोडीने ओढायची, उचलायची नाही." दुसरी गाडी एका वेल्डरने घरच्या घरी केलेली, लोखंडी नळ्यांची, सायकलची चाकं लावलेली. रंग करडा, रूप शून्य. काकांनी पाना मागून घेतला, सीट चार इंच मागे सरकवली, मला पुन्हा बसवलं आणि दांड्या बोटांवर उचलल्या. जुन्या वजनकाट्यासारख्या त्या मधोमध थांबल्या. "हीच," काका म्हणाले. लाल गाडीच्या पावपट किमतीत ती आमच्या वॅगनच्या टपावर चढली.

राहिला साज, म्हणजे घोडीच्या अंगावरचे सगळे पट्टे. चामड्याचा परवडणारा नव्हता. गावातल्या शोमध्ये नायलॉनचाही चालतो, फक्त स्वच्छ आणि मापाचा हवा, असं काकांनी विचारून ठेवलं होतं. एका शनिवारी त्यांना ड्यूटी लागली, म्हणून फार्म सेलला मी एकटीच गेले. काळाभोर नायलॉनचा सेट, नव्यासारखा, मातीमोल भावात! विकणारी बाई म्हणाली, हा मोठ्या पोनीचा आहे. मी म्हटलं, बरंच की. लहानपणी माझ्या अंगावर मापाचा गणवेश कधी चढला नाही, आई सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची. तसाच हा साजही मी वाढत्या अंगाचा घेतला.

काकांनी तो बाईंवर चढवला. छातीचा पट्टा गुडघ्यापाशी आला आणि शेपटीखालची दुमची मागे लोंबायला लागली.

"पोरी," काका म्हणाले, "बाई बारा वर्षांच्या आहेत. आता काय वाढणार त्या?" आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून हसत सुटले. मीही हसले. पण फेअर तीन आठवड्यांवर आलं होतं आणि दुसरा साज घ्यायला हातात काही नव्हतं.

चूक माझी होती. मी ते लटांबर उचललं आणि थेट काकूंच्या शिवणाच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"शी! हे काय?"

"आखूड करायचंय. काकू, माझी चूक आहे हो, त्यांच्यावर नका चिडू."

काकूंनी एक पट्टा चिमटीत धरून उलटा केला, शिवण बघितली. मशीनवर व्हायचं नाही म्हणाल्या, दाभण लागेल. "माप कुठंय?" मी काकांनी लिहिलेला कागद दिला. त्यांनी तो वाचला आणि बाजूला सारला. "पुरुषांनी घेतलेलं माप! मी अंगावर घालून बघितल्याशिवाय कात्री लावत नाही."

आणि नाकाला पदर लावून निघाल्या. मी मागे, ते लटांबर उचलून.

काका तेव्हा बाईंचा खूर मांडीवर घेऊन साफ करत होते. त्यांना आम्ही आलेलं कळलं नाही. बाई कावरीबावरी होऊन पाय ओढायची, काका मानेवरून हात फिरवत काहीतरी पुटपुटायचे आणि ती पुन्हा पाय सोडून द्यायची. काकू दारातच थांबल्या. चांगली पाच मिनिटं थांबल्या असतील. पदर कधी खाली आला ते त्यांनाही कळलं नसावं. मग पुढे होऊन पट्ट्याला टाचणी लावत म्हणाल्या, "पोट सुटलंय हिचं. पोटाचा पट्टा जरा सैलच ठेवते."

काका उठून उभे राहिले. माणूस किती खूश झाला असेल, सांगा! तोंडातून निघालं एवढंच, "अगं, तू?"

फेअरला काकू आल्या, जरीकाठी साडीवर स्वेटर घालून. करडी गाडी, दाभणाने शिवलेला साज, आणि लगाम धरून ताठ बसलेले काका. जजने साज हात लावून तपासला, एका टाक्यापाशी थांबून काहीतरी विचारलं. काकांनी चाबकाने कठड्याकडे बोट दाखवल्यासारखं केलं आणि सगळं रिंगण काकूंकडे बघायला लागलं. सात जणांत काका पाचवे आले. गुलाबी रिबन मिळाली. "लाल गाडीवाल्याची घोडी धापा टाकत होती, त्याला काय पहिला नंबर देतात!" म्हणत काकू परतीच्या वाटेवर जजला शिव्या देत होत्या.

तुम्हाला वाटेल, काकू बदलल्या. छे! बाईंना गूळ द्यायला रोज जायच्या, पण कुणी विचारलं की अजूनही "गव्हर्नमेंटमध्ये आहेत"च. प्लँटचे कपडे वेगळेच धुतले जायचे. घोडी त्यांनी मान्य केली होती, नोकरी नाही. काकांनीही तसं कधी मागितलं नाही. आणखी दोन वर्षं अशीच गेली, आणि एका फेब्रुवारीत, ड्यूटीवरच, काका गेले. हार्ट.

पंधरा दिवसांनी प्लँटवरून फोन आला, लॉकर रिकामा करायचाय. काकू म्हणाल्या, "तू जा. मला नाही जमायचं." मी खोका आणून गॅरेजमध्ये ठेवला. वरती पांढरा कोट, हेल्मेट. खाली रबरी बूट, गुडघ्यापर्यंतचे, पांढरे असावेत कधीतरी. खोका उघडल्याबरोबर तो वास सगळीकडे भरला.

"काकू, मी टाकून येते हे."

"थांब."

त्यांनी बूट बाहेर काढून जमिनीवर जोडीने ठेवले. "पंधरा वर्षं यात उभे होते गं," त्या म्हणाल्या. "आमच्यासाठी. आणि मी कुणाला सांगितलंसुद्धा नाही." मग चपला काढल्या, साडी पोटरीपर्यंत वर खोचली आणि त्या बुटांत पाय घातले.

"काकू, अहो..."

"बाईंना पेंड घालायची वेळ झाली. बाहेर केवढा चिखल आहे."

बर्फ वितळून शेताचा राडा झाला होता. त्यातून काकू कुंपणाचा आधार घेत, एकेक पाय उपसत गोठ्याकडे निघाल्या. मागच्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर थांबवला आणि त्यांच्या पायांकडे बघून विचारलं, हे कुणाचे बूट?

काकू थांबल्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण मला गॅरेजपर्यंत ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "माझ्या मिस्टरांचे. मीट प्लँटवर होते. डॉक्टर."