बरखास्त दलाचे जमादार

औरंगाबादेत आम्ही ज्यांच्या घरात पहिला संसार थाटला ते आमचे घरमालक म्हणजे या भूतलावरचे सर्वांत कर्तव्यदक्ष पोलीस, असं मी आजही छातीठोकपणे सांगते. अडचण एवढीच, की ज्या पोलीसदलाची ड्युटी ते बजावत होते, ते दल बरखास्त होऊन तेव्हा जवळजवळ माझ्या वयाइतकी वर्षं लोटली होती. औरंगपुऱ्यामागच्या बोळात त्यांचं घर. खाली ते आणि त्यांची बायको, म्हणजे साऱ्या बोळाच्या चाची, वर आम्ही दोघं. मी मुलींच्या शाळेत शिकवायची आणि आमचे हे चिकलठाण्याला नव्यानंच निघालेल्या एका कारखान्यात पाळीवर जायचे. तेव्हा शहर त्या बाजूला असं वाढत होतं, की सुट्टीला माहेरी जाऊन आलं तर ओळखीचा माळ सापडायचा नाही. आणि त्याच वेळी बहात्तरच्या दुष्काळानं खेड्यांतली माणसं झाडून शहरात आणून टाकली होती. या सगळ्या गर्दीवर आमच्या जमादारांची एकट्याची नजर होती.

जमादार ते फार पूर्वीचे. सोयगावकडं, डोंगराच्या पायथ्याशी एक जहागीर होती. इतकी चिमुकली, की चाचींच्या म्हणण्याप्रमाणं तिच्या एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला म्हशी दचकत. पण या जहागिरीचं स्वतःचं पोलीसदल होतं, पितळी बिल्ला होता आणि खानदेशच्या सरहद्दीवर स्वतःची चौकी होती. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, मागोमाग जहागिरी गेल्या आणि हे दल हैदराबाद स्टेटच्या पोलिसांत विलीन झालं. पुढं ते स्टेटही मोडलं, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि मग महाराष्ट्र आला. जमादार सगळ्यांच्या नोकरीत होते आणि महाराष्ट्राची पेन्शन खात होते. "बाई, मी जागेवरनं उठलोच नाय," ते मला म्हणत, "माझ्या बुडाखालची सरकारं बदलत गेली." विलीनीकरणाच्या वेळी उंची आणि छाती मोजून माणसं घेतली, कमी भरली त्यांना घरी पाठवलं. त्या दिवशी जमादारांनी जो श्वास आत ओढला, तो सोडायचा हुकूम त्यांना कुणी दिलाच नसावा. भाजी आणायलासुद्धा ते छाती पुढं काढून जात आणि ते येताना दिसले की भाजीवाल्यांचे तराजू आपोआप सरळ होत.

सरकारं कितीही बदलली तरी मनानं ते त्या जहागिरीच्याच नोकरीत राहिले. बोळात शिरणाऱ्या प्रत्येकाला ते "कुठनं आला, कुठं चालला" विचारत. दूधवाल्याला रोज विचारत आणि दूधवालाही रोज बिचारा गावाचं नाव सांगे. माझी आई परभणीहून पहिल्यांदा आली तेव्हा दारातच त्यांनी अदबीनं विचारलं, "आईसाहेब, कोनत्या हद्दीतनं आल्या?" आई म्हणाली, "हद्दीतनं कशाला? एस.टी.तनं आले." भर उन्हाळ्यात, दुपारी बोळात कुत्रंही नसायचं तेव्हा, ते बोळाच्या तोंडाशी येऊन उभे राहत. कुणाची वाट बघता म्हटलं तर म्हणत, "कुनाची नाय. चौकी रिकामी ठिवू नये."

पण त्यांची खरी ड्युटी असे संध्याकाळी, दिवे लावायच्या जरा आधी. खाली फरसबंद आवारात ते कोटाची बटणं लावून उभे राहत आणि हजेरी घेत. त्यांच्या जुन्या दलातल्या शिपायांची. एकेक नाव मोठ्यानं पुकारायचं, माणूस 'हाजिर' म्हणेल एवढा वेळ थांबायचं, मान हलवायची आणि पुढचं नाव घ्यायचं. पहिल्यांदा मी वरच्या कठड्याशी पदर तोंडात कोंबून हसले. मग काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की त्यांची नजर एका जागी नसते. ती रांगेवरून सरकल्यासारखी सरकते, कधी थोडी वर, कधी थोडी खाली. जशी माणसांची उंची असेल तशी. आणि चाचींची शेळी, जी एरवी आवारभर हुंदडायची आणि वाळत घातलेली माझी पातळं खायची, ती त्या वेळी मधला मोकळा भाग सोडून भिंतीकडेनं अंग चोरत जायची. हे दिसल्यापासून मी हजेरीच्या वेळी खाली उतरत नसे.

एका नावाशी मात्र ते अडत. तुळशीराम. हे नाव घेऊन ते फार वेळ थांबत. मान हलत नसे. पुन्हा पुकारत आणि मग चाची आतनं म्हणायच्या, "बस हुआ जी, अंदर आव."

तुळशीरामची गोष्ट आम्हाला कळली ती एका पाणी मागायला आलेल्या माणसामुळं. दुष्काळातला दुसरा उन्हाळा होता. खडी फोडायच्या कामाला कंटाळून एक माणूस चिकलठाण्याला मजुरी शोधायला निघाला होता आणि आमच्या बोळात पाणी मागत थांबला. जमादारांनी रीतसर चौकशी सुरू केली. कुठनं आला? त्यानं त्या जुन्या जहागिरीतल्याच गावाचं नाव सांगितलं. तिकडं पाऊसपाणी काय? "कशाचं पानी, चाचा? तलाव तळाला लागला. जुनी चौकी उघडी पडली ना समदी." जमादारांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्या दिवशी त्यांनी हजेरी घेतली नाही. वर आले आणि आमच्या चटईवर बसून, छातीतला श्वास पहिल्यांदाच सैल सोडून, बोलले.

विलीनीकरणाच्या दिवशी जिल्ह्याहून अधिकारी आला होता. गढीपुढं सगळ्यांना उभं केलं, पट्टे-बिल्ले काढून घेतले, दल बरखास्त झाल्याचं मोठ्यानं सांगितलं. तुळशीराम तेवढा रांगेत नव्हता. तो सरहद्दीच्या चौकीवर पहाऱ्याला होता. जमादारांनीच आदल्या दिवशी त्याला तिथं ठेवलं होतं आणि बजावलं होतं, की मी स्वतः येऊन बदली करीपर्यंत जागा सोडायची नाही. मोजमापात पास झालेल्यांना अधिकाऱ्यानं तिथल्या तिथं ट्रकमध्ये भरलं आणि ट्रेनिंगला दूर पाठवून दिलं. "वाटलं, कोन तरी सांगंल त्याला," जमादार म्हणाले. "मी रजंवर आलो तवर महिने गेले होते. चौकीत त्याची वळकटी गुंडाळून ठिवल्याली, काठी भिंतीला. मानूस नाय. घरी नाय, सासुरवाडीला नाय. त्या दिवसांत कोन कुटं गेलं, कुनी कुनाला इचारत नव्हतं, बाई. मग सरकारनं तिथं तलाव बांधला आन् चौकी पान्यात गेली. आता पान्यात जाऊन पहारा कसा बदलावा?"

मग म्हणाले, "समद्यांना बरखास्तीचा हुकूम ऐकवला. त्याला नाय ऐकवला."

दुसऱ्याच दिवशी निघायचं त्यांनी ठरवलं. चाचींनी साफ सांगितलं, "अकेले नक्को." यांची पाळी होती, माझ्या शाळेला सुट्टी लागली होती, म्हणून चाचींच्या सोबतीला मी. एस.टी.त जमादार संपूर्ण वाट कोटाची सगळी बटणं लावून ताठ बसले होते. बाहेर सिल्लोडपासून पुढं नुसती करपलेली जमीन आणि रस्त्याच्या कामावर वाकलेल्या माणसांच्या रांगा. चाचींनी डबा उघडून भाकरी पुढं केली तेव्हा ते म्हणाले, "ड्युटीवर हाय." चाची माझ्याकडं वळून म्हणाल्या, "निकाह के दिन बी येइच बोले थे."

तलावाच्या बांधावर चढलो तेव्हा ऊन अगदी डोक्यावर होतं. खाली पाण्याचा थेंब नव्हता. सगळा तळ भेगाळून त्याच्या खापऱ्या झाल्या होत्या, मधूनच चिंचेचे काळे बुंधे उभे होते आणि पायाखाली शिंपले कुरकुर वाजत होते. एका कडेला काही बायका झिऱ्यातून वाटीवाटीनं पाणी काढून घागरी भरत होत्या. आणि तळाच्या पार पलीकडं, एकटी, छप्पर नसलेली काळ्या दगडांची चौकी.

झिऱ्यावरच्या एका म्हातारीनं आम्हाला हटकलं. "तिकडं नका जाऊ, माय. तिथं कुनीतरी हाय."

"कोण?" मी विचारलं.

"दिसत नाय. वंगाळ बी नाय, कुनाला काय करत नाय. पर झिऱ्यावरनं जरा तिकडं सरकलं की इचारतं. 'हुकुमदार, हुकुमदार' म्हंतं. आमी म्हंतो, बाबा, आमी कशाच्या हुकुमदार? आमी पान्याला आलोय."

बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या, पण तिकडं पाठ करून कुणीच बसली नव्हती. मी जमादारांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. पहारेकरी अंधारात कुणाची चाहूल लागली की 'कोण आहे' म्हणून जी हाक देतो, ती हाक 'हुकुमदार', हे त्यांनीच मला मागं कधीतरी सांगितलं होतं. त्या बायकांना ते माहीत असायचं काही कारण नव्हतं.

आम्ही चालत गेलो. चाचींनी माझं मनगट धरलं होतं. चौकीच्या जवळ आल्यावर मला जे दिसलं ते मी नंतर यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, बकऱ्या फिरत असतील. सगळा तळ तडकलेला होता, पण चौकीच्या उंबऱ्यापुढं, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, एक पट्टा अगदी गुळगुळीत होता. येरझाऱ्या घालून घालून जमीन दबते तसा. त्याच्यावर एकही भेग नव्हती. आणि तिथं बकरीनं खावं असं काडीभरही काही नव्हतं.

त्या पट्ट्याच्या अलीकडं जमादार थबकले. आम्हाला काही ऐकू आलं नाही. पण त्यांनी टाचा जुळवल्या आणि पहारेकऱ्याच्या हाकेला द्यायचं ते उत्तर मोठ्यानं दिलं, "दोस्त!"

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. आवारातल्या हजेरीचा आवाज नव्हता तो. घरातला माणूस फार दिवस परगावी राहून आला म्हणजे त्याला मागचं सगळं सांगतात, तसा होता. "तुळशीराम, जहागीर गेली रे. आपलं दल मोडलं. मला हैदराबादच्या पोलिसात घातलं. मग हैदराबाद बी मोडलं. मुंबईत घातलं, मग महाराष्ट्रात. ज्या हद्दीवर तुला उभं केलं, ती हद्दच राह्यली नाय. पल्याडचं बी आपलंच आन् अल्याडचं बी आपलंच. कुनाला अडवायचं नाय आता. मला यायला उशीर झाला. लई उशीर झाला." त्यांचा आवाज फुटला. त्यांनी तो पुन्हा गोळा केला, छाती पुढं काढली आणि हुकूम दिला, "चौकी बरखास्त. पहारा बरखास्त. जा, तुळशीराम, घरला जा."

ऊन तसंच होतं. वाऱ्याची झुळूक नव्हती. झिऱ्यावरचा वाट्यांचा आवाज थांबला होता. आणि मग जमादार एकाएकी एक पाऊल बाजूला सरले, अरुंद जिन्यात समोरून वळकटी घेऊन कुणी उतरत असावं आणि त्याला वाट द्यावी तसे. यात काही विशेष नाही असं मी स्वतःला पुष्कळदा सांगते. पण त्यांच्या मागं उभ्या असलेल्या चाचीही सरल्या. चाचींच्या मागं मी होते. मीही सरले. का, ते मला आजवर सांगता आलेलं नाही. एवढंच आठवतं, की न सरणं उद्धटपणाचं वाटलं असतं. जमादारांची मान हळूहळू बांधाच्या दिशेनं वळत गेली. तिकडं झिऱ्यावर त्या बायकांनी, एकीमागून एक, वाटेतल्या घागरी जवळ ओढून घेतल्या.

परतीच्या एस.टी.त जमादार चाचींच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले, भर दिवसा, चारचौघांत, कोटाची बटणं उघडी टाकून. चाचींचा खांदा अवघडला असणार. सिल्लोड आलं, गेलं, पण त्या हलल्या नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी हजेरी घेतली नाही, ती कायमचीच. बोळात आता कुणीही येई, कुणीही जाई. दूधवाला पहिल्या दिवशी गावाचं नाव सांगायला थांबला आणि कुणीच विचारलं नाही म्हणून हिरमुसून गेला. ताठ माणूस असा एकदम सैल पडला की घराला सवय नसते. एका दुपारी ते जिना चढून वर आले, दारात घुटमळले आणि मला म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या. एक इचारतो. ड्युटी संपल्यावर मानसं काय करत्यात?"

मी म्हटलं, "बसतात, चाचा. गप्पा मारतात."

"बसत्यात," ते म्हणाले आणि काहीतरी अवघड काम सांगितल्यासारखी मान हलवून खाली गेले.

त्या साली पाऊस चांगला झाला. हिवाळ्यात तुरी आल्या आणि आम्हाला कारखान्याजवळ खोली मिळाली. निघायच्या दिवशी सामान उतरवताना मी खाली पाहिलं, तर उन्हाच्या कवडशात चाची आणि जमादार पुढ्यात तुरीच्या शेंगांचा ढीग घेऊन सोलत बसले होते. शेंगा सोलायला इतका वाईट माणूस मी पाहिलेला नाही. त्यांच्या हातून दाणे फरशीवर उडायचे, टरफलं पातेल्यात पडायची, आणि चाची एकेक टरफल वेचून बाहेर टाकत होत्या. मी निरोप घ्यायला वाकले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "रहने दे बेटी, उनकू कुछ बोल नक्को. इत्ते बरसां बाद घर कू आए हैं."