जागी ठेवलेली आई

ये गो, अशी जवळ ये. दारातच काय उभी राहिलीस पाहुणीसारखी? सख्ख्या भावाची लेक तू माझी, आणि लग्न होऊन सासरी गेलीस तेव्हा कुठं तुला आत्या आठवली. आणि आल्या आल्या विचारतेस काय, तर "आत्या, तू आजीला जित्तेपणी कापायला लावलंस, खरं का?" पायावर पाणी तरी घ्यायचंस आधी!

खरं आहे. पण सगळं ऐक.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. तुझी आजी, माझी आई, डोळखांबला दादा-वहिनीजवळ. मी इथं मुरबाडला. आईच्या काळजाची झडप आवळली होती. आडवी झाली की श्वास कोंडायचा, म्हणून भिंतीला टेकून रातभर खोकायची आणि ओरडायची, "मेले गो, मेले!" तू तेव्हा पाळण्यात. तुझ्या आईला रात्री तुझं रडणं, पहाटे भाकऱ्या, दिवसभर भाताच्या आवणीत वाकून रोपं लावणं. तीही माणूसच. शहापूरच्या डॉक्टरने कधीतरी थोड्या दिवसांसाठी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्या बंदच झाल्या नाहीत. दुकानदार रिकामी पट्टी बघून नवी द्यायचा. आईला न सांगता गोळी चुरून चहात पडायला लागली.

मी भेटायला जायची तेव्हा भर दुपारी आईची जीभ जड. एकदा चुलीपाशी वहिनीला मी गोळी चुरताना बघितलं. तिने लपवलीसुद्धा नाही. "वन्सं, तुमी दोन दिसांच्या पाहुण्या. एक रात काढा तिच्यापाशी, मग मला शिकवा." दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "घरातलं घरात ऱ्हाऊ दे."

मग मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ठरलं. मांडीच्या शिरेतून तार काळजापर्यंत न्यायची, तिच्या टोकाचा फुगा झडपेत फुगवायचा आणि झडप मोकळी करायची. त्या सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई खाटेशी आल्या. वयाने लहान, आवाज शांत. म्हणाल्या, "पूर्ण भूल दिली तर श्वासाची नळी घालावी लागेल. या वयात, फुप्फुसात पाणी असताना, ती परत निघेल याची खात्री नाही. त्यापेक्षा हलकी गुंगी देऊ. आजी अर्धवट झोपेत राहतील, श्वास आपला आपण घेतील. घरी झोपेचं काही देता का?"

"नाय," दादा म्हणाला.

वहिनी खिडकीकडं बघत होती. आईच्या पापण्या मिटत होत्या, आणि दवाखान्यातलं अजून काहीच टोचलं नव्हतं. आईने वॉर्डात आरडाओरडा करू नये म्हणून वहिनीने पहाटेच गोळी दिली होती, माझ्या लक्षात आलं.

"देतात," मी बोलले. "रोज देतात. आजपण दिलीय."

"हिला काय ठावं? ही ऱ्हाते मुरबाडला," दादा उसळला. वहिनी माझ्याकडं वळली. "एवढा पुळका हाय तर न्यायची होती आईला. तुमच्या गोठ्यात जागा नव्हती काय?"

डॉक्टरीणबाईंनी आईलाच विचारलं. आई अडखळत, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "नाय बाय. माझी सून सोन्यावानी हाय. ही पोरगी पयल्यापासून खोटारडी."

शेजारच्या खाटेवरची बाई फिस्सकन हसली.

डॉक्टरीणबाईंनी आईची पापणी वर करून बघितली. म्हणाल्या, "अंगात आधीच गुंगी असेल आणि वर मी आणखी दिली, तर श्वास थांबेल. नसेल आणि मी नाही दिली, तर त्रास होईल. त्रास झालेलं माणूस बरं होतं." थांबायला वेळ नव्हता, आईचे ओठ निळे पडले होते. फक्त मांडीची जागा बधीर करायची, आई जागी राहणार, असं ठरलं.

आम्ही बंद दाराबाहेर बसलो. मांडी बधीर होती, पण सपाट पडून राहणं, तेच तर तिला होत नव्हतं. हलू नये म्हणून हात बांधले होते. आतून ओरड आली, "सोडा रे! कापतात मला! सोडा!"

"ऐका वन्सं," वहिनी म्हणाली. "पोटभर ऐका."

"ती बाहेर नाय आली, तर तुझं तोंड बघणार नाय," दादा म्हणाला.

"आली तरी नाय," वहिनी म्हणाली.

आली. संध्याकाळी पाठ टेकून झोपली, किती दिवसांनी. दुसऱ्या दिवशी दादा-वहिनी खाली जेवायला गेले आणि मी ओल्या फडक्याने तिचे ओठ पुसत होते. तिने डोळे उघडले.

"मला ठावं होतं गो. च्या कडू लागायचा."

"मग मला खोटं का पाडलंस?"

"तू एसटीत बसून जाशील. मला त्यांच्यात ऱ्हायचंय." तिने माझा हात बाजूला सारला. "आता डोळखांबला येऊ नको. तुला बघितलं की त्यांना आठवल, आणि निस्तरायचं मला."

झडप उघडली, खोकला गेला, गोळीही गेली. आई पुढं बरीच वर्षं जगली, नाचणीच्या भाकऱ्या थापत, आणि गावभर सांगत राहिली, लेकीने जित्तेपणी कापलं, सुनेने तारलं. मी एकदा न राहवून गेले. ओटीवर बसली होती. मला बघितलं, उठली, आत गेली आणि दार लोटलं. आतून कडी लागलेली मी ऐकली. ती गेल्याचं मला मुरबाडच्या बाजारात एका भाजीवालीने सांगितलं, तेही दहावं होऊन गेल्यावर.

तुझ्या आईचा मला राग आला होता, तो कधीच विझला. माझ्या आईचा आहे अजून.

डोळे पूस. तुला रडवायला सांगितलं नाही, तू विचारलंस म्हणून सांगितलं. आता माहेरी कुठं गेली होतीस म्हणून विचारतील, तर आत्याकडं गेले होते असंच सांग. दादा ओरडेल, ओरडू दे, ओरडून माणूस मरत नाही. त्या घरातलं माझ्या दारात आलेलं तू पहिलंच माणूस. अशी उभ्या उभ्या नको, पुढल्या खेपेला चार दिवस राहायला ये, जावयालाही आण. आणि लवकर ये गो, माझाही श्वास आता चढणीला लागतो.