पडद्यावरचा बाण

जव्हारच्या बाजारातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मुलं उमेशला ‘सर’ म्हणत. कॉम्प्युटर मात्र त्याला कवडीची किंमत देत नसत. साधा नवा फॉन्ट टाकायचा म्हटलं तरी ते मालकाचा, म्हणजे अ‍ॅडमिनचा, पासवर्ड मागत, आणि पासवर्ड होता प्रतिक्षाकडे. मोखाड्याच्या प्रतिक्षाने ही सगळी यंत्रं जोडली, उमेशच्या शेजारच्या खुर्चीत बसून शिकवलं, आणि चांगली नोकरी लागली तशी ती ठाण्याला गेली. तेव्हापासून उमेश फोन करी, ती तिथूनच यंत्राचा ताबा घेई आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागे. त्या वेळी हा गडी दोन्ही हात मांडीवर घेऊन असा बसे, की जणू घरी पाहुणे आलेत आणि चहा व्हायचाय. फॉन्टची एवढी हौस असलेला माणूस अख्ख्या तालुक्यात दुसरा नव्हता.

मग बातमी आली. त्यांच्या सिस्टिममध्ये एक भोक सापडलं होतं: यंत्रासमोर बसलेला कुणीही साधा वापरकर्ता पासवर्डशिवाय मालक होऊ शकत होता. उमेशने करून पाहिलं. चहा गार व्हायच्या आत दाभोसा गावचा उमेश यंत्राचा मालक झाला. शिपायाला साहेबाची खुर्ची मिळावी आणि त्याला रडू फुटावं, तसं त्याचं झालं. आता फोन कशासाठी करायचा?

गप्प बसावं आणि फॉन्टचे फोन चालू ठेवावेत, असंही मनात येऊन गेलं. पण हेच भोक मुलांना सापडलं असतं, तर एकमेकांच्या फायली उघड्यावर पडल्या असत्या. त्याने फोन लावून सगळं सांगून टाकलं.

बाण आला. भोक बुजवणारं अपडेट चढलं. मग बाण सावकाश उमेशच्या नावापाशी गेला.

“तुलाही मालक करून टाकते,” प्रतिक्षा म्हणाली. “दरवेळी मला फोन करायला नको. अजून काही?”

उमेशने सगळ्या यंत्रांवरून नजर फिरवली. एकही मेलं बिघडायला तयार नव्हतं.

“प्रिंटर कागद अडकवतोय,” तो म्हणाला.

“त्याला इथून मी काय करणार? तिथं यावं लागेल मला.”

“तेच म्हणतोय मी.”

बाण प्रिंटरच्या चिन्हाभोवती एक चक्कर मारून आला.

“शनिवारी मोखाड्याला घरी निघालेय,” ती म्हणाली. “जव्हार वाटेतच लागतं.”