रांगोळीतला कोरा कोपरा

चूक माझी होती. गावाने मात्र तिचं माप सखुबाईंच्या पदरात घातलं, आणि त्यांनी ते मुकाट्याने घेतलं. म्हणून हे लिहितो आहे.

मी ग्रामसेवक. राहायला डोंबिवलीत, नोकरी खडवलीच्या पुढे नदीकाठच्या एका गावात. दरवर्षी गावाचा विकास आराखडा करायचा असतो, आणि तो लोकांना बरोबर घेऊन करा असा वरचा आदेश. त्यासाठी देवळापुढे रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा. विहीर कुठे, शाळा कुठे, रस्ता कुठून हवा. बहुतेक गावांत हे फोटोपुरतं उरकतात. आमच्याकडे ते जमायचं नाही, कारण आमच्याकडे सखुबाई होत्या.

साठी ओलांडलेली ठेंगणी बाई, तोंडाने फटकळ. गावातल्या एकूण एक लग्नात रांगोळी त्यांच्या हातची. शाळा चौथीपर्यंतच, पण गावातला प्रत्येक बांध पाठ. दोन वर्षांपूर्वी त्या नकाशा काढत होत्या तेव्हा मी नवीन होतो. उगाच शहाणपणा करून विहीर दाखवायला गेलो, तर म्हणाल्या, "भाऊसाहेब, ती डोंबिवलीची विहीर. आमची हिकडं हाय." सगळं पटांगण हसलं.

नदीकाठच्या वडापाशी आल्यावर मात्र त्यांचा हात थांबला. वडाखाली गावाचं स्मशान. शेड नाही, चौथरा नाही, सातबाऱ्यावर नोंद नाही. गुरचरण जमीन, पण वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची. देवापुढे रांगोळीने स्मशान कोण काढणार? त्यात त्यांचे यजमान काळुराम घरात अंथरुणाला खिळलेले. सखुबाईंनी वड काढला, शेजारचा कोपरा कोरा ठेवला आणि पुढे सरकल्या. तो कोपरा कसला, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मला नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. फोटो काढला आणि कार्यालयात बसून त्या जागेवर लिहिलं, 'मोकळी जागा'.

स्टेशनच्या बाजूला इमारती वाढल्या होत्या आणि कचरा टाकायला जागा नव्हती. ग्रामसभेत मी वाचलं, "गट नंबर चौऱ्याऐंशी, मोकळी जागा, तिथे कचऱ्याची शेड." गट नंबर गावात कुणाला कळतो? त्यांच्या लेखी ती नुसती 'वडाखाल'. सगळ्यांनी हात वर केले. सखुबाईंनीसुद्धा, कारण कचऱ्याबद्दल सगळ्यांत जास्त ओरड त्यांचीच होती.

मंजुरी आली, जेसीबी आला, वडाखाली पायाचे खड्डे पडले, तेव्हा गावाच्या लक्षात आलं. सखुबाई तडक कार्यालयात आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"डॉक्टरनं आमच्या म्हाताऱ्याला घरी न्या सांगितलंय. त्याचा बाप तिथं, आजा तिथं. त्याला मी कचऱ्यात नेऊ?"

"मावशी, आराखडा मंजूर आहे. नकाशात स्मशान नाहीच."

हे वाक्य आठवलं की आजही माझी मला लाज वाटते.

"नकाशा कुणी काढला?"

"तुम्ही."

"मंग मीच काढते."

मार्ग तोच होता. पुन्हा ग्रामसभा, दुरुस्त नकाशा, नवा ठराव कल्याणच्या पंचायत समितीला. सरपंच दिपेशने जेसीबी थांबवला आणि सभा लावली. मी सुचवलं, देवळापुढे कशाला, कागदावर पेनाने काढू. सखुबाई म्हणाल्या, "कागदावर तुमी काय लिवता ते आमाला दिसत नाय. सगल्यांपुढं काढीन."

सभेच्या दिवशी त्यांची सून करिश्मा रडकुंडीला आली होती. "आई, बाबा घरात पडलेत. असलं अभद्र नका काढू." बायकांनी तोंडाला पदर लावले. सखुबाई खाली बसल्या. वड काढला, वडाखाली सरण काढलं. त्यांच्या हातची वाकडी रेघ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. ठराव एकमताने झाला, टाळ्या वाजल्या, आणि मग कुणी त्यांच्या जवळ गेलं नाही.

पाचव्या दिवशी काळुराम गेले. खड्डे बुजवलेले होते; त्यांना वडाखालीच अग्नी दिला. दहाव्याच्या आत गाव बोलू लागलं की बाईने जिवंत नवऱ्याचं सरण काढलं, मग तो राहील कसा? स्मशान सगळ्यांना हवं होतं. ते ज्या हाताने मिळवलं तो हात कुणालाच नको होता. माणसं इतकी कृतघ्न होतात याचा मला संताप आला, पण मी तरी कुठे काय बोललो होतो?

मी भेटायला गेलो. त्यांनी चहा ठेवला आणि पाठमोऱ्याच विचारलं, "भाऊसाहेब, मी काढलं म्हून गेला का तो?"

"नाही हो मावशी. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं."

"तुमी असं म्हणता. गाव तसं म्हणतं. आनि मना ऱ्हायचं हाय गावात."

'मोकळी जागा' मी लिहिलं, चूक माझी, हे सांगायलाच गेलो होतो. चहा पिऊन उठलो.

यंदा नकाशाला करिश्मा बसली. सखुबाई मागे, खांबाला टेकून. करिश्माने विहीर काढली, शाळा काढली, वड काढला आणि तिची चिमूट हवेतच राहिली. सगळं पटांगण खाली बघू लागलं. आता मला ठाऊक होतं. मी उठलो आणि त्या दिवशी चहाबरोबर गिळलेलं ते वाक्य अखेर सगळ्यांसमोर बोललो. कोऱ्या कोपऱ्यावर 'मोकळी जागा' मी लिहिलं होतं, सखुबाईंनी नाही. करिश्माचा हात तसाच होता.

सखुबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. पुढे येऊन त्यांनी सुनेच्या हातातला डबा घेतला.

"सर गं. तुझा नवरा हाय अजून. माझं आता काय जायचं हाय?"

या वेळी रेघ सरळ आली.